बिऱ्हाड पाठीवर

संगणकाचं बटण दाबल्यावर पहिल्या क्षणी प्रोसेसरला काहीच ठाऊक नसतं. समोर पडदा आहे का, मेमरी किती आहे, डिस्क जोडलेली आहे का, आपण विंडोज चालवतो की लिनक्स, कशाचाच पत्ता नसतो. काल रात्री त्यानेच सिनेमा दाखवला असेल, त्याआधी वर्षभर कुणाच्या दुकानाचे हिशेब केले असतील, तरी सकाळी त्यातलं काही त्याच्यापाशी उरलेलं नसतं. त्याच्या रचनेत एकच गोष्ट कायमची कोरलेली असते: जागा झालास की अमुक पत्त्यावर जा आणि तिथे जे लिहिलंय ते कर. इंटेल-एएमडीच्या प्रोसेसरांत हा पत्ता ४ जीबीच्या हद्दीच्या बरोबर १६ बाइट अलीकडे असतो. म्हणजे पहिल्या सूचनेसाठी जागा फक्त १६ बाइटांची. युनिकोडच्या नेहमीच्या पद्धतीने 'नागपूर' हा एक शब्द साठवायलाही १८ बाइट लागतात. एवढ्याशा जागेत एकच काम सांगता येतं, 'तिकडे उडी मार', आणि तेच तिथे लिहिलेलं असतं.

ही उडी मदरबोर्डवरच्या एका चिपमध्ये साठवलेल्या फर्मवेअरकडे जाते. आपण अजूनही त्याला बायोस म्हणतो, नव्या यंत्रांत त्याचं नाव यूईएफआय. ते मेमरी तपासतं, पडदा लावतं, कीबोर्ड ओळखतं आणि मग जोडलेल्या प्रत्येक डिस्कला एकामागून एक विचारत जातं: तुझ्याकडे सुरू करण्यासारखं काही आहे का? जी पहिली 'आहे' म्हणेल तिच्या हाती सगळं यंत्र सोपवून ते बाजूला होतं. विचारण्याचा क्रम आपल्याला बदलता येतो. यूएसबीच्या खाचेत बसवलेला पेन ड्राइव्ह रांगेत पहिला उभा केला, तर यंत्र त्याचं ऐकतं. आतली हार्ड डिस्क तशीच शांत पडून राहते, तिला कुणी विचारतही नाही.

मला यात नवल वाटतं ते हे की आपण ज्याला 'माझा कॉम्प्युटर' म्हणतो, तो टेबलावरचा डबा नसतोच. तो असतो काही जीबींचा नीट लावलेला संच. तो डब्यात ठेवायचा ही निव्वळ सवय. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असतं, तसं संगणकाचं अख्खं बिऱ्हाड नखाएवढ्या चिपवर मावतं आणि कुठल्याही अनोळखी यंत्रात जाऊन संसार मांडतं.

नागपुरात मे महिन्याच्या दुपारी कुणी सहसा बाहेर पडत नाही. अशाच एका दुपारी शेजारची मुलगी लॅपटॉप ओढणीत गुंडाळून घेऊन आली. बीसीएच्या शेवटच्या वर्षाला आहे. "काका, हा सुरूच होऊन नाही राहिला. निळा पडदा येते अन् पुन्हा बंद. दुकानात म्हणाले फॉरमॅट मारा लागते. पण माझा प्रोजेक्ट आहे ना त्याच्यात!"

कूलरसमोर बसून तिचा लॅपटॉप उघडला. पेन ड्राइव्ह लावला, बटण दाबलं आणि एफ-१२ वर बोट ठेवून राहिलो. (ही कळ कंपनीगणिक बदलते, कुठे एफ-९, कुठे एस्केप.) काळ्या पडद्यावर छोटी यादी उमटली: वर आतली डिस्क, खाली यूएसबी. बाणाच्या कळीने खाली येऊन एंटर मारलं. पेन ड्राइव्हचा निळा दिवा थरथरायला लागला, मिनिटभराने पडद्यावर हिरवट डेस्कटॉप उघडला, लिनक्स मिंटचा. वाय-फायची नावं दिसायला लागली. फाइलींच्या खिडकीत डाव्या बाजूला तिची आतली डिस्क एका साध्या नोंदीसारखी बसली होती. क्लिक केलं. युजर्स, तिचं नाव, डेस्कटॉप, 'फायनल प्रोजेक्ट', 'फायनल प्रोजेक्ट २', 'फायनल प्रोजेक्ट खरंच फायनल'.

ती थोडा वेळ बघत राहिली आणि मग जे विचारलं ते फार नेमकं होतं. "पण काका, यानं पासवर्ड कसा नाही मागितला?"

त्या प्रश्नाकडे येतोच. आधी त्या एका मिनिटात काय काय झालं ते पाहू, कारण माझ्या मते रोजच्या वापरातल्या तंत्रज्ञानात इतकं देखणं मिनिट दुसरं नाही.

यूईएफआयला फार थोडं समजतं, पण फॅट नावाची फाइलींची जुनी मांडणी त्याला वाचता येते. म्हणून पेन ड्राइव्हवर एक लहानसा भाग फॅटमध्ये असतो. त्यात ईएफआय नावाचं फोल्डर, त्याच्या आत बूट नावाचं फोल्डर आणि त्यात ठरलेल्या नावाची एक फाइल. जगातला कुठलाही सुटा ड्राइव्ह असो, फर्मवेअर ती फाइल तिथेच शोधतं. ती सुरू झाली की मेन्यू येतो आणि मेन्यूतून लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, मेमरीत चढवला जातो. दहा-पंधरा मेगाबाइटांचा दाबून बसवलेला हा गाभा. मोबाइलवरच्या तीन-चार फोटोंएवढा.

आता कर्नलपुढे खरा पेच असतो. तो कुणाच्या घरात आला आहे हे त्याला माहीत नाही. हा लॅपटॉप कुठल्या कंपनीचा, ग्राफिक्स कुठलं, वाय-फायची चिप कुणाची? तो तर्क करत बसत नाही, सरळ विचारतो. मदरबोर्डला जोडलेलं प्रत्येक उपकरण दोन आकडे सांगायला बांधलेलं असतं: एक बनवणाऱ्या कंपनीचा, दुसरा उपकरणाचा. इंटेलचा कंपनी-क्रमांक ८०८६ आहे. १९७८ साली ज्या प्रोसेसरने इंटेलचं आजचं घराणं सुरू केलं त्याचंच हे नाव, आणि आजही इंटेलच्या चिप सहसा आपली ओळख त्याच आकड्याने देतात. कर्नलसोबत हजारो ड्रायव्हर बांधलेले असतात आणि कुठला ड्रायव्हर कुठल्या आकड्यांच्या जोडीला चालतो याची यादीही. आकडे जुळले की तो ड्रायव्हर मेमरीत येतो, बाकीचे पेन ड्राइव्हवर झोपून राहतात. सकाळी नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या असेंबल केलेल्या पीसीवर आणि संध्याकाळी हिंगण्याच्या कॉलेजातल्या नव्या लॅपटॉपवर तोच पेन ड्राइव्ह चालतो, त्याचं रहस्य हे. तो दोन्हीकडे पहिल्यापासून चौकशी करतो. स्वतः बघायचं असेल तर लिनक्सच्या टर्मिनलमध्ये एलएसपीसीआय लिहून, एक जागा सोडून, वजा-चिन्ह आणि दोनदा एन टाइप करा. तुमच्या यंत्रातल्या भागांनी सांगितलेले आकडे ओळीने समोर येतील.

यानंतरचा भाग मला सगळ्यात आवडतो. मेन्यू, फाँट, ब्राउझर, ऑफिस, छपाईची व्यवस्था, सगळी ऑपरेटिंग सिस्टीम पेन ड्राइव्हवर एकाच दाबलेल्या फाइलीत असते. तिच्या मांडणीचं नाव स्क्वॉशएफएस. लिनक्स मिंटची डाउनलोड होणारी फाइल तीन जीबीच्या आसपास असते, आतलं सामान उलगडलं तर दुपटीहून जास्त. पण ते कधी पूर्ण उलगडलं जातच नाही. कर्नल त्या फाइलीलाच डिस्क मानून चालतो. तुम्ही ब्राउझरवर क्लिक केलंत की लागणारे तेवढेच तुकडे वाचले जातात आणि मेमरीत मोकळे होतात. दाबलेली फाइल उघडायला वेळ जात असेल असं वाटतं. प्रत्यक्षात पेन ड्राइव्हवर ती फायद्याचीच पडते: प्रोसेसरचा उलगडण्याचा वेग ड्राइव्हच्या वाचण्याच्या वेगापेक्षा खूप जास्त असतो, म्हणून जितकं कमी वाचावं लागेल तितकं बरं.

ही फाइल फक्त वाचता येते, तिच्यावर लिहिता येत नाही. तरी सिस्टीम चालू असताना आपण फाइली बनवतो, रंग बदलतो, नवा प्रोग्राम टाकतो. ते सगळं जातं कुठे? वर आणखी एक थर असतो, मेमरीत बनवलेला, सुरुवातीला पूर्ण रिकामा. कर्नल दोन्ही थर एकत्र करून एकच डिस्क असल्यासारखं दाखवतो. वाचताना आधी वर बघायचं, नसेल तर खाली. बदल करायचा झाला तर खालची फाइल वर नकलून घ्यायची आणि नकलेत बदल करायचा. काही पुसलं तर खाली ते तसंच राहतं, वरच्या थरात मात्र 'ही फाइल नाही असं समज' अशी खूण पडते. या युक्तीचं आजचं रूप, ओव्हरलेएफएस, डिसेंबर २०१४ मध्ये लिनक्सच्या ३.१८ या आवृत्तीत कर्नलचा भाग झालं. त्याआधी हेच काम बाहेरून जोडलेल्या तुकड्यांनी करावं लागे.

याचा परिणाम विलक्षण आहे. तुम्ही त्या सिस्टीममध्ये वाट्टेल तो गोंधळ घाला, अर्ध्या फाइली पुसून टाका. यंत्र बंद केलं की मेमरीतला थर विझतो आणि पुन्हा सुरू केल्यावर सगळं पहिल्या दिवसासारखं. मुलांच्या हाती संगणक द्यायचा तर याहून निर्धास्त सोय मला माहीत नाही. शिकणाऱ्याला मोडायची मुभा हवी असते आणि इथे मोडूनही काही मोडत नाही.

आणखी एक पायरी आहे. सुरू होतानाच्या ओळीत 'टूरॅम' एवढा एक शब्द जोडला आणि यंत्रात मेमरी पुरेशी असली, तर कर्नल ती अख्खी दाबलेली फाइल मेमरीत उचलून घेतो. मग पेन ड्राइव्ह काढून खिशात टाका. डेस्कटॉप चालूच राहतो, ब्राउझर उघडतो, गाणं वाजतं. कुठल्याही डिस्कचा आधार नाही, सगळी ऑपरेटिंग सिस्टीम विजेच्या प्रवाहावर तरंगते आहे. प्रवाह थांबला की काही मागे राहत नाही. याच गुणावर टेल्स नावाची सिस्टीम उभी आहे. २००९ पासून ती पत्रकार आणि जिवाला धोका असलेली माणसं वापरतात. बंद होताना ती मेमरीही पुसून जाते. २०१३ साली एडवर्ड स्नोडेनने अमेरिकी पाळतीची कागदपत्रं पत्रकारांच्या हाती दिली, तेव्हाच्या संपर्कासाठी टेल्स वापरलं गेलं होतं.

हे सगळं नवीन वाटतं, पण ज्यांनी ऐंशीच्या दशकात संगणक पाहिला त्यांना उलट हार्ड डिस्कच नवी वाटली होती. १९८१ चा आयबीएम पीसी हार्ड डिस्कशिवायच आला. डॉसची फ्लॉपी घालायची, ए-प्रॉम्प्ट आला की ती काढून कामाची घालायची. ऑपरेटिंग सिस्टीम तेव्हा हातात धरून नेता येत होती. लिनक्सचे पहिले वापरकर्तेही १९९१-९२ मध्ये दोन फ्लॉप्यांवरून ते सुरू करत, एकीवर कर्नल, दुसरीवर बाकीचा संसार. मग सिस्टीम फुगत गेल्या, फ्लॉपीत मावेनात आणि हार्ड डिस्कमध्ये कायमच्या स्थिरावल्या.

त्यांना तिथून पुन्हा बाहेर काढण्याचं मोठं श्रेय जर्मनीच्या क्लाउस नॉपरकडे जातं. २००० साली आलेल्या त्याच्या नॉपिक्समध्ये ७०० एमबीच्या एका सीडीवर सुमारे दोन जीबीचं लिनक्स दाबून बसवलं होतं आणि समोरचं यंत्र आपसूक ओळखण्याची सोय त्यात होती. आपल्याकडे तेव्हा घरी तीनशे-चारशे एमबी उतरवून घेणं म्हणजे टेलिफोनच्या बिलाशी वैर. लिनक्स पोचायचं ते 'पीसीक्वेस्ट' मासिकासोबतच्या सीडीवरून, आणि पुढे उबुंटूच्या फुकट पाकिटांतून. उबुंटूमागची कॅनॉनिकल ही कंपनी २०११ पर्यंत मागणाऱ्याला जगात कुठेही टपालाने सीडी पाठवत असे, एक पैसा न घेता. नागपुरासारख्या शहरांतल्या कितीतरी मुलांनी लिनक्स पहिल्यांदा पाहिलं ते अशा सीडीवरून, घरातल्या विंडोजला धक्का न लावता, वडिलांना न सांगता.

महाराष्ट्रात याच्याशी जवळचं नातं असलेला एक प्रयोग झाला तो रायगड जिल्ह्यात, कर्जतजवळच्या खैराट धनगरवाड्यावर. 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' या जागतिक योजनेचा भारतातला पहिला प्रयोग तिथल्या चिमुकल्या शाळेत २००७ च्या ऑक्टोबरात सुरू झाला. एक्सओ नावाच्या त्या हिरव्या-पांढऱ्या लॅपटॉपात हार्ड डिस्कच नव्हती. १ जीबी फ्लॅश, २५६ एमबी मेमरी आणि त्यावर फेडोरा लिनक्सपासून बनवलेली 'शुगर' नावाची मुलांची सिस्टीम. आज पेन ड्राइव्हात वापरतो त्याच जातीच्या चिपवर डोंगरातल्या मुलांचा सगळा संगणक नांदत होता, आणि फिरणारा एकही भाग नसल्याने धूळ, धक्के सोसत होता. जवळजवळ दोन वर्षांनी, जून २००९ मध्ये, तीच शुगर 'शुगर ऑन अ स्टिक' या नावाने खास पेन ड्राइव्हसाठी निघाली, म्हणजे ज्या शाळेत हे लॅपटॉप नाहीत तिथल्या जुन्या पीसीवरही ती चालावी. ही कल्पना मला लॅपटॉपपेक्षा मोठी वाटते. शाळेत दहा पीसी आणि चाळीस मुलं असली तरी प्रत्येक मुलाचा 'आपला' संगणक त्याच्या दप्तरात राहू शकतो.

आता त्या पेन ड्राइव्हकडेच जरा निरखून बघू.

त्याचं टोक, म्हणजे यूएसबी, घडवणाऱ्यांत एक ठळक नाव अजय भट्ट यांचं. त्यांची अभियांत्रिकीची पदवी बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाची. ज्या सयाजीरावांच्या नावाने ते विद्यापीठ आहे ते जन्मले नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्यात, तेव्हा मराठी वाचकाला हा धागा परका नाही. भट्ट इंटेलमध्ये होते. घरातल्या माणसांना प्रिंटर जोडताना होणारा त्रास बघून, सगळ्या उपकरणांना एकच खाच असावी हा त्यांचा ध्यास होता. सात कंपन्या एकत्र आल्या आणि जानेवारी १९९६ मध्ये यूएसबी १.० जाहीर झालं. आपल्या गोष्टीला त्यातल्या दोन गुणांनी जन्म दिला: त्याच तारेतून ५ व्होल्ट वीजही मिळते, आणि चालू यंत्रात उपकरण लावता-काढता येतं.

आतली फ्लॅश चिप जपानची. तोशिबात काम करणाऱ्या फुजिओ मासुओका यांनी १९८४ साली ती जगापुढे मांडली. एकेक बाइट पुसण्याऐवजी अख्खा ठोकळा एका झटक्यात पुसायचा ही त्यातली कल्पना, आणि पुसण्याचा तो झटका कॅमेऱ्याच्या फ्लॅशसारखा वाटला म्हणून एका सहकाऱ्याने नाव सुचवलं. कंपनीने त्यांची किंमत ओळखली नाही. अखेर मासुओका कोर्टात गेले आणि २००६ मध्ये ८ कोटी ७० लाख येनवर तडजोड झाली. ज्या शोधावर जगातल्या सगळ्या मोबाइलांची साठवण उभी आहे त्याच्यासाठी ही रक्कम वाचून मला आजही वाईट वाटतं.

चिपमध्ये माहिती राहते कशी? प्रत्येक पेशीत चारही बाजूंनी विद्युतरोधकाने वेढलेला एक कप्पा असतो. आत इलेक्ट्रॉन असतील तर एक अर्थ, नसतील तर दुसरा. आजच्या साध्या पेन ड्राइव्हमध्ये तर इलेक्ट्रॉनांच्या संख्येचे आठ टप्पे ओळखून एका पेशीत तीन बिट ठेवतात. प्रश्न असा की चहूकडून बंद कप्प्यात इलेक्ट्रॉन शिरतात कुठून? दार नाहीच. बाहेरून जोरदार व्होल्टेज लावलं की इलेक्ट्रॉन भिंतीच्या आरपार जातात. रोजच्या जगाच्या नियमांत हे बसत नाही, पण पुंजभौतिकीत बसतं. फाउलर आणि नॉर्डहाइम यांनी त्याचं गणित १९२८ मध्येच मांडलं होतं. त्यासाठी सुमारे २० व्होल्ट लागतात आणि यूएसबी देतं पाच. म्हणून चिपमध्येच व्होल्टेज चढवणारी सोय असते. तुम्ही 'सेव्ह' म्हणता तेव्हा बोटाएवढ्या त्या वस्तूत इलेक्ट्रॉन भिंतीतून पार होत असतात. वीज काढून घेतली तरी ते आतच अडकून राहतात, वर्षानुवर्षं.

आणि त्या वस्तूत आणखी एक संगणक असतो. कुठला तुकडा कुठे ठेवायचा, कुठला ठोकळा खराब झाला, झीज सगळीकडे सारखी कशी वाटायची, हे बघणारा कंट्रोलर. पेन ड्राइव्हांच्या अनेक प्रचलित कंट्रोलरांचा गाभा ८०५१ या घराण्यातला असतो. पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्स केलेल्या कुठल्याही मराठी माणसाला हा आकडा तोंडपाठ असेल. १९८० सालचा हा मायक्रोकंट्रोलर, प्रॅक्टिकलला त्यावर एलईडी लुकलुकवायचा प्रोग्राम प्रत्येकाने लिहिलेला. 'हे जुनं कशाला शिकवतात' असं त्या वेळी ज्यांना वाटलं असेल त्यांच्या किल्ल्यांच्या जुडग्यातच कदाचित तो चालू असेल.

नागपूरकराने मात्र एका गोष्टीकडे लक्ष द्यायला हवं: ऊन. कप्प्यातले इलेक्ट्रॉन अडकलेले असले तरी कायमचे नसतात, हळूहळू निसटतात, आणि तापमान वाढलं की निसटण्याचा वेग वाढतो. एसएसडीसाठी जेडेक या संस्थेने घातलेली कसोटी सांगते की घरगुती वापराच्या एसएसडीने पुरती झिजल्यावरही, वीज नसताना, ३० अंशांत एक वर्ष माहिती सांभाळावी. अवजड कामाच्या एसएसडीसाठी तीच मुदत ४० अंशांत तीन महिने. साध्या पेन ड्राइव्हवर तर असं कसलं बंधनही क्वचितच दिसतं. इथे २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ अंशांवर गेला होता, तोही सावलीतला. उन्हात लावलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर काय होत असेल याचा अंदाज करा. वर्षभर ड्रॉवरमध्ये पडलेला जुना, बराच वापरलेला पेन ड्राइव्ह ऐन गरजेच्या वेळी रुसला तर कारण बरेचदा हेच असतं. एकुलत्या एक प्रतीसाठी त्याच्यावर विसंबू नये.

दुसरी मर्यादा लिहिण्याची. भिंतीतून पार होणारा प्रत्येक इलेक्ट्रॉन भिंतीला थोडं दुखावतो; तीन बिटांच्या पेशी साधारण हजाराच्या पटीत पुसणं-लिहिणं सोसतात. वाचताना ही झीज जवळजवळ होत नाही. म्हणून वर सांगितलेली, फक्त वाचायची फाइल आणि मेमरीतला थर ही रचना पेन ड्राइव्हला मानवते. पण लोकांना आपलं काम टिकायला हवं असतं. त्यासाठी मधला मार्ग म्हणजे वरचा थर मेमरीऐवजी पेन ड्राइव्हच्याच एका राखीव भागात ठेवायचा. मग मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड एकदा लावला की पुढच्या वेळी तो तिथेच असतो. तिसरा मार्ग, पेन ड्राइव्हला हार्ड डिस्क समजून त्यावर सरळ लिनक्स बसवणं. चालतं, पण ब्राउझर दर सेकंदाला काहीतरी खरडत असतो आणि स्वस्त ड्राइव्ह या बारीकसारीक लिखाणात दम टाकतो. रोजच्या वापरासाठी माझं मत स्पष्ट आहे: लहान एसएसडी घ्या, यूएसबीच्या डबीत घाला, तिच्यावर सिस्टीम बसवा. खिशात तीही मावते.

मायक्रोसॉफ्टनेही हे करून पाहिलं होतं. २०१२ च्या विंडोज ८ मध्ये 'विंडोज टू गो' आलं. त्यातली एक करामत मला फार आवडे: चालू असताना ड्राइव्ह उपटला तर सगळं जागच्या जागी गोठायचं, ६० सेकंदांत परत लावला की थांबलेल्या अक्षरापासून पुढे. पण ते फक्त मोठ्या संस्थांसाठी होतं, आणि २०२० च्या विंडोज १० च्या आवृत्तीतून काढून टाकलं गेलं. आज तो मान लिनक्सकडे आहे.

आणि याची गरज आत्ताच सगळ्यात जास्त आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि साधारण २०१७ नंतरचा प्रोसेसर लागतो. आपल्या शाळांत, लहान दुकानांत, सीएच्या कचेऱ्यांत धडधाकट चालणारी कितीतरी यंत्रं या अटीत बसत नाहीत. ती भंगारात देण्याआधी एकदा पेन ड्राइव्ह लावून बघा, एवढंच माझं कळकळीचं सांगणं आहे. काही बसवायचं नाही, काही पुसायचं नाही, दहा मिनिटांत कळतं की यंत्रात जीव आहे की नाही. लिनक्स गंभीर कामाला चालतं का, अशी शंका असेल तर देशभरच्या तालुका आणि जिल्हा न्यायालयांकडे पाहा. ई-कोर्ट्स प्रकल्पात तिथे उबुंटू आलं, आणि खटल्यांची नोंद ठेवणारी प्रणाली पुण्याच्या एनआयसी या सरकारी संस्थेने बांधली. मराठीचीही अडचण नाही: रेड हॅटच्या पुण्यातल्या अभियंत्यांनी जोपासलेला लोहित देवनागरी फाँट फेडोरात वर्षानुवर्षं मराठी दाखवत होता आणि तो कुणालाही फुकट वापरता येतो.

आता त्या मुलीचा प्रश्न. पासवर्ड मागितला नाही, कारण पासवर्ड मागणारी सिस्टीम सुरूच झाली नव्हती. कुलूप दारावर होतं, आपण दाराने आलोच नाही. तिची माहिती डिस्कवर उघडी पडली होती आणि ज्याच्या हाती तो लॅपटॉप व एक पेन ड्राइव्ह असेल त्याला ती वाचता आली असती. यावर उपाय एकच, डिस्कच सांकेतिक करून ठेवणं. २०२४ पासूनच्या विंडोज ११ मध्ये नव्या लॅपटॉपवर हे बहुधा आपोआप झालेलं असतं, आणि मग पेन ड्राइव्हवरून आत शिरायला ४८ आकडी किल्ली लागते. ती आजच शोधून कागदावर लिहून ठेवा. लॅपटॉप बंद पडल्यावर ती लॅपटॉपमध्येच असून भागत नाही.

स्वतः करायचं तर ८ जीबीचा पेन ड्राइव्ह पुरतो. आधी त्यातलं सगळं काढून घ्या, कारण तो पूर्ण पुसला जातो. हव्या त्या वितरणाच्या, म्हणजे मिंट किंवा उबुंटूसारख्या लिनक्सच्या तयार संचाच्या, मूळ साइटवरूनच फाइल उतरवा आणि तिथे दिलेल्या ६४ अक्षरी ठशाशी आपल्या फाइलीचा ठसा पडताळा. तीन जीबीतला एक बिट जरी बदलला तरी तो ठसा पार वेगळा येतो. विंडोजवर रूफस हा प्रोग्राम फाइल नीट लिहून देतो. व्हेंटॉय वापरलं तर एकाच ड्राइव्हवर चार-पाच सिस्टीम ठेवून हवी ती निवडता येते. लिहिताना समोरच्या यादीत पेन ड्राइव्हच निवडला आहे ना, हे आकार वाचून दोनदा बघा; चुकून घरातली बाहेरची हार्ड डिस्क निवडली तर लग्नाचे फोटो परत येत नाहीत. सुरू झाल्यावर 'इन्स्टॉल' या चिन्हाला हात लावू नका, ते आतल्या डिस्कवर बसवण्यासाठी असतं. आणि यंत्र पंधरा-वीस वर्षांपूर्वीचं, ३२ बिटांचं असेल तर मोठी वितरणं आता त्यावर चालणार नाहीत. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ नेही अशा यंत्रांसाठी इन्स्टॉलर देणं थांबवलं. त्यांच्यासाठी पपी आणि अँटिएक्स यांच्या ३२ बिटी आवृत्त्या आहेत, एक जीबीच्या आतबाहेर मेमरीवरही त्या उभ्या राहतात.